तळाला चार बोटं गवत

माझ्याकडे अजून ती वही आहे. मागच्या पानांवर एकावर एक ठेवलेल्या दोन पेट्यांची आकृती, बाजूला आकडेमोड, आणि खाली दोन रेघा मारून लिहिलेला शब्द: सुरक्षित. तो मी लाल पेनाने लिहिला होता. नव्या डिप्लोमावाल्याला लाल पेनाचा माज फार असतो.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची ही गोष्ट. कट्टा नावाच्या बाजारगावापासून थोडं आत, आमच्या गावच्या वेशीवर एका आंबा व्यापाऱ्याने पॅकिंगची शेड घातली. आजूबाजूच्या बागांतला आंबा तिथे यायचा, बायका तो निवडून लाकडी पेट्यांत भरायच्या, आणि पेट्या ट्रकने शहरात जायच्या. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दोन वर्षं घरी बसलो होतो. मालकाने मला मशीन बघायला ठेवून घेतलं. मशीन म्हणजे आंबे धुवायची एक टाकी आणि एक पंप. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण गावात मला सगळे इंजिनेर म्हणायला लागले आणि मी ते म्हणू दिलं.

शेडमध्ये भरणाऱ्या बायका सतरा. त्यांतली एक माझी वहिनी. माझा थोरला भाऊ तापाने गेला त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. घरात आई, वहिनी आणि मी. भाऊ गेल्यावर वहिनी बोलायचीच थांबली होती. काम सगळं करायची, जेवायला वाढायची, पण तिचा आवाज असा घरात नव्हता. शेड सुरू झाली तेव्हा मीच आईच्या मागे लागून तिला कामाला पाठवलं. पंधरा दिवसांत फरक दिसला. एका संध्याकाळी शेडमध्ये कुणाची कशी फजिती झाली ते सांगताना ती मोठ्याने हसली. आई चुलीपुढून वळून तिच्याकडे बघत राहिली. मला त्या हसण्याने इतकं बरं वाटलं की मी उठून अंगणात गेलो.

तिच्या हाताची पेटी बाजारातून कधी तक्रार घेऊन परत आली नाही. पेटी भरायची आमच्याकडची एक रीत आहे. तळाला चार बोटं गवत घालायचं. बोटं म्हणजे खरंच बोटं, हात आडवा धरून मोजलेली. त्यावर बारके आंबे, वर मधले, आणि सगळ्यात मोठे, रंगाचे आंबे पेटीच्या तोंडाला. तोंडाला गवत नावापुरतंच, आंब्याचा रंग झाकू नये इतकं. शहरातला व्यापारी झाकण उचकटतो तेव्हा त्याला पहिल्यांदा काय दिसलं पाहिजे, हे आमच्या बायकांना मालकापेक्षा जास्त कळायचं. याला लबाडी म्हणणारे म्हणोत. पाहुण्याला आपणही फुटका कप पुढे करत नाही.

आता शेडच्या वळणाबद्दल. शेड सरळ बांधता आली असती, पण जागेच्या मधोमध राखणदाराचा दगड होता. एका जुन्या काजऱ्याच्या झाडाखाली शेंदूर नसलेला साधा काळा दगड. त्या शिवाराची राखण करणारा देव. त्याला हलवायचं धाडस कुणी करणं शक्य नव्हतं, मालकानेही केलं नाही. शेड काटकोनात वळवली. एका हाताला भरायची जागा, दुसऱ्या हाताला ट्रक, आणि कोपऱ्यात कुंपणापलीकडे राखणदार.

दुसऱ्या हंगामाआधी मालकाच्या मनात आलं की बायकांनी पेट्या डोक्यावरून ट्रकपर्यंत नेण्यात वेळ जातो, त्यापेक्षा सरकता पट्टा लावावा. कुठूनतरी बंद पडलेल्या कारखान्यातला जुना पट्टा त्याने आणला. तो वळणावर फिरवायचं काम माझ्याकडे आलं. गाडीत पेट्या जोडीने चढतात, म्हणून पट्ट्यावरूनही जोडीनेच जाव्यात, एकावर एक, असं त्याचं म्हणणं.

"पडाची नाय ना रे?" त्याने विचारलं.

"गणित करतंय," मी म्हणालो. त्या वेळी या वाक्याची चव मला फार गोड लागली होती.

गणित अवघड नाही. वळणावर पेटीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागून येतो. पेटी सरकून खाली जाऊ नये म्हणून पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला एक बुटका लोखंडी अँगल लावलेला असतो. तळ तिथे अडतो आणि वरचा भाग पुढे जाऊ बघतो, माणूस उंबऱ्याला ठेचकाळतो तसा. पडणार की उभी राहणार, हे पेटीच्या तळाची रुंदी आणि तिच्या वजनाचा मध्य किती उंचीवर आहे, यांच्या गुणोत्तरावर ठरतं. गंमत अशी की पेटी किती वजनाची आहे याला काही किंमत नाही. ते दोन्ही बाजूंनी कटून जातं. वजन कुठे आहे एवढंच उरतं. मी वजनाचा मध्य जोडीच्या निम्म्या उंचीवर धरला. चौकोनी खोका, दुसरीकडे कुठे असणार? धडकेसाठी थोडी जास्तीची जागा ठेवली आणि लाल पेन काढलं.

चाचणीही घेतली. आंबा यायला अजून दीड महिना होता, म्हणून पेट्यांत वाळूच्या पिशव्या तोंडापर्यंत भरल्या. जोड्या लावून वीस वेळा वळणावरून फिरवल्या. एक हलली नाही. मालक खूश. बायका कौतुकाने बघत होत्या. वहिनी पट्ट्याजवळ आली, एक वाळूची पेटी उचलून तिने परत ठेवली.

"भावजी, वाळू म्हणजे काय आंबो न्हय," ती म्हणाली. "भरलेली पेटी तोंडाकडे जड असता. जो उचलता त्येका कळता."

सगळ्या ऐकत होत्या. मी हसलो.

"वयनी, वजन तितक्याच आसा. वजनाक काय तोंड असता?"

बायका हसल्या, वहिनीही हसली. मला तेव्हा आपण फार हजरजबाबी आहोत असं वाटलं. ते वाक्य आठवलं की आजही मला माझ्याच मुस्कटात मारावंसं वाटतं.

हंगामाची पहिली पेटी पट्ट्यावर कुणी ठेवायची, हा विषय निघाला तेव्हा मी वहिनीचं नाव घेतलं. मालक थोडा अडखळला. विधवा बाईने पहिला हात लावायचा, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं, पण तोंडाने म्हणायची लाजही वाटत होती. मी म्हणालो की उत्तम पेटी तिची, मान तिचाच. आईला घरी कळलं तेव्हा ती माझ्यावर उखडली. "तिका पुढे घालू नको. लोकांची तोंडा तुका म्हायत नाय," असं म्हणाली. मी आईला मागासलेली म्हणालो.

सकाळी नारळ फुटला. वहिनीने पहिली पेटी ठेवली, वर दुसरी ठेवली. दोन्ही तिच्याच हाताने भरलेल्या. पट्टा चालू झाला. जोडी सरळ भागातून छान गेली. वळणाला लागली, अँगलला टेकली आणि वरून कलली. मला दिसलं की ती परत मागे येणार नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला एक म्हातारी उभी होती, शेडमध्ये गवत पुरवायचं काम करणारी. दोन्ही पेट्या तिच्या पायावर गेल्या.

"पाय मोडलो गो माजो," एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली. घोट्याचं हाड मोडलं होतं. तिला रिक्षात घालून नेलं. नंतर ती काठीशिवाय कधी चालली नाही.

आंबे सगळ्या शेडभर पसरले होते. बायका ते गोळा करत होत्या. मग एकजण हळूच म्हणाली, "पयलो हात कोणाचो लागलो?" ज्यांच्याबरोबर वहिनी रोज डबा खात होती, त्यांतलीच ती. वहिनी हातातले आंबे टोपलीत ठेवत राहिली.

दुपारी शेड बंद होती. मी मागच्या बाजूला जाऊन एक भरलेली पेटी आडवी केली आणि गोल पाइपावर ठेवली. मागेपुढे सरकवून तोल बघितला. मध्यावर ती राहीना. पाइप मध्यापासून तोंडाकडे दोन बोटं आला तेव्हा स्थिर झाली. दुसरी घेतली, तिसरी घेतली. सगळ्यांचं तेच. तळाला चार बोटं गवत, गवताला वजन नाही. मोठा आंबा तोंडाला. माझ्या सगळ्या आकृतीत गवत नव्हतंच. मी वही काढून वजनाचा मध्य दोन बोटं वर धरला आणि पुन्हा गणित केलं. धडकेसाठी ठेवलेली सगळी जागा त्या दोन बोटांनी खाल्ली होती. पेटी पडणारच होती. कुणाच्याही हाताने ठेवली असती तरी पडणार होती.

मी वही मिटली आणि तिथेच बसून राहिलो. मला भीती वाटत होती. म्हातारीच्या पायाची वाटायला हवी होती, पण मला माझी वाटत होती. इंजिनेर हा शब्द जाईल, मालक हाकलून देईल, पुन्हा दोन वर्षं घरी बसावं लागेल, याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गावचा घाडी आला. आमच्याकडे देवाशी बोलायचं काम घाडी करतो. तो गावाच्या वतीने देवाला सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे पुरुष होकार देतात. होकार न देता गप्प उभा राहणारा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. काजऱ्याखाली आम्ही पंधरावीस जण होतो. विडा ठेवला, नारळ ठेवला.

"बा देवा राखणदारा म्हाराजा," घाडी म्हणाला, "आज तुजी लेकरा तुज्या जाग्यात जमली आसत."

"व्हय म्हाराजा."

"काय चूकभूल झाली असात ती पदरात घे."

"व्हय म्हाराजा."

"नको तो हात पयल्या पेटयेक लागलो. तो हात आमी ह्या जाग्यातसून भायर काढलो."

हे त्याला कुणी सांगायला सांगितलं मला माहीत नाही. मालक जमिनीकडे बघत होता. माझ्या खिशात वही होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: पेटी माझ्या चुकीने पडली. घाडीला थांबवून बोलता आलं असतं. घाडी ओळखीचा होता, माझ्या मुंजीला जेवून गेलेला. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. हळू म्हणालो, अगदी ओठांतल्या ओठांत, असं मी त्यानंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

वहिनी त्या दिवसापासून घरी राहिली. तिला कुणी येऊन काही सांगितलं नाही. सकाळी शेडला जाणाऱ्या बायका आमच्या बेड्यावरून, कुंपणाच्या फाटकापाशी थांबून, तिला हाक मारत, दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही, एवढंच झालं. ती डबा भरून बसली होती. थोड्या वेळाने तिने डबा उघडला, भाजी परत टोपात ओतली.

आणि मी काय केलं? मी पट्टा दुरुस्त केला. जोडी बंद करून एकेरी पेटी सोडायला लावली. मालकाला सांगितलं, पट्टा जुना आहे, ओझं झेपत नाही. अँगलच्या जागी उंच कठडा बसवला, पेटीच्या खांद्याला टेकेल असा. त्यानंतर पूर्ण हंगामात एकही पेटी पडली नाही, पुढच्याही नाही. गावाने याचा अर्थ लावला तो असा: राखणदार प्रसन्न झाला, नको तो हात गेला आणि सगळं सुरळीत झालं. मी जितकं चांगलं काम करत होतो तितकी वहिनी दोषी ठरत होती. वळणावरून पेटी नीट गेली की मला आत कुठेतरी कुणी चिमटा काढतंय असं होई, आणि दिवसाला शेकडो पेट्या जात होत्या. पडावी एखादी, असंही कधी वाटायचं. पण मी कठडा नीट बसवला होता.

घरात आई म्हणायची, "तरी मी सांगी होतंय." वहिनीचा आवाज पुन्हा गेला. हळदीकुंकवाला तिला आधीही बोलावत नव्हते, आता बारशाला, मोदक वळायलाही बोलवेनात. कुणाचं वासरू मेलं, कुणाची विहीर आटली, की बोलणाऱ्याची नजर एकदा आमच्या घराकडे जाऊन यायची. ती काजू वेचायची, आमच्या परड्यातल्या चार कलमांचा आंबा उतरवायची आणि एकटीच पडवीत बसून त्याच्या पेट्या भरायची. भरायच्या आधी हात आडवा धरून रिकाम्या पेटीत चार बोटं मोजायची. मी समोरून जाताना ती मोजणं थांबवत नसे, वरही बघत नसे. मला वाटायचं, तिला बिचारीला काय माहीत. हे वाटणंसुद्धा किती सोयीचं होतं.

अनेकदा ठरवलं की आज सांगू. आधी वाटलं हंगाम संपू दे. मग पावसाळा जाऊ दे. मग मालक दुसरी शेड घालणार होता, तिचं काम मिळू दे. ते मिळालं. मग माझं लग्न ठरत होतं. सांगायला योग्य असा दिवस एकदाही उजाडला नाही.

सहा वर्षांनी रस्ता रुंद करायला निघाला. मोजणी झाली आणि राखणदाराचा दगड रस्त्यात आला. मला वाटलं आता गाव पेटून उठेल. तसं काही झालं नाही. तोच घाडी आला, आता म्हातारा झालेला. एक नारळ ठेवला, देवाला समजावलं की लेकरांच्या सोयीसाठी चार पावलं सरकून बस. आम्ही व्हय म्हाराजा म्हणालो. दोघांनी पहारीने दगड उचकटून कुंपणाच्या कडेला नेऊन ठेवला. दहा मिनिटं लागली असतील. दगड फारसा मोठाही नव्हता, जमिनीत वीतभरच होता.

म्हणजे शेड सरळ बांधता आली असती. वळण नको होतं. मी त्या खड्ड्याकडे बघत उभा राहिलो आणि मला रडू आलं. लोकांना वाटलं देवासाठी.

तसाच घरी आलो. वहिनी पडवीत पेटी भरत होती. केस पिकायला लागले होते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"वयनी, ती पेटी माज्या चुकीन पडली. तुज्या हातामुळे न्हय. माजा गणित चुकला होता."

तिने गवत पसरायचं थांबवलं नाही.

"माका ठावक आसा," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. दुपारी तुमका जेवाण घेवन इल्लंय. तुमी शेडीच्या मागे पायपार पेटी ठेवन बघी होतात. तुमचा तोंड बघलंय आणि जेवाण घेवन परत गेलंय."

त्या दिवशी मला जेवण आलं नव्हतं, हे मला त्या क्षणापर्यंत आठवलंही नव्हतं.

"मगे बोललंस कित्या नाय?"

"माजा कोण ऐकतलो होतो, भावजी? तुमचा ऐकला असता." तिने हात आडवा धरून गवत मोजलं. चार बोटं. मग टोपलीतून बारके आंबे निवडून ओळीने मांडायला लागली. "मी म्हटलंय, तुमी बोलशात. सकाळी गाराण्याक मी थंयसर इल्लंय. बायकांनी येवचा नसता, म्हणान कुंपणाच्या भायर, काजींच्या झाडांत उबी रवलंय. तुमी बोललात की पुढे येयन, असा मनात होता."

तिने मधल्या आंब्यांचा थर लावला, मग मोठे आंबे एकेक करून हातात फिरवून, रंगाची बाजू वर करून तोंडाला ठेवले. त्यावर नावापुरतं गवत टाकलं. झाकण ठेवून तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"सगळ्यांपरास तुमचो आवाज मोठो होतो," ती म्हणाली.